भिंतीतली तीन भोकं

लंडनला किंवा दुबईला पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला तिथे आधीपासून राहणारा कुणी ना कुणी एक युक्ती हमखास शिकवतो. भिंतीतल्या सॉकेटला तीन चौकोनी भोकं असतात आणि आपल्या चार्जरला दोन गोल पिना. खालची दोन भोकं आतून बंद असतात. मग वरच्या भोकात बॉलपेनचं टोक खुपसायचं. आतला पडदा सरकतो, दोन पिना जोर लावून आत बसवता येतात आणि फोन चार्ज व्हायला लागतो. अडॅप्टरचे पैसे वाचले, असं समाधानही मिळतं.

पेनाने ज्या पडद्याला फसवलं, तो तिथे मोठ्या विचाराने बसवलेला आहे. लहान मुलाने भोकात तार किंवा विणायची सुई घातली तरी तिला विजेपर्यंत वाट मिळू नये, यासाठी तो आहे. गोल पिना चौकोनी भोकांत नुसत्या टेकतात, घट्ट बसत नाहीत. अशा सैल सांध्यातून वीज गेली की तिथेच उष्णता साठते, ठिणग्या उडतात, प्लास्टिक मऊ पडतं. ब्रिटिश प्लगच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो, तोही या जुगाडात गळून जातो. रात्री उशाशी फोन लावून झोपणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

एकाच जगात एकच वीज वापरणाऱ्या माणसांनी भिंतीला इतकी वेगवेगळी भोकं का पाडली? आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग प्लग-सॉकेटचे पंधरा प्रकार मोजतो आणि त्यांना ए ते ओ अशी इंग्रजी अक्षरं देतो. ही अक्षरं मुळात अमेरिकेच्या व्यापार खात्याने परदेशातल्या विजेबद्दल काढलेल्या एका पुस्तिकेतून आली. हा पसारा कुणी ठरवून मांडलेला नाही. त्याचं मूळ दिव्यात आहे.

वीज घरात शिरली ती दिव्याचं बोट धरून. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं आणि आसपासच्या कचेऱ्यांमध्ये दिवे लागले. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटही विजेच्या दिव्यांनी उजळलं, पण तो उद्योग फार काळ टिकला नाही. शहराला वीज खऱ्या अर्थाने मिळाली ती पुढे, विसाव्या शतकात. कुठेही पाहिलं तरी ग्राहक विकत घेत होता तो उजेड. दिवा छतापासून लोंबणाऱ्या तारेला जोडलेला असे, आणि भिंतीला भोक पाडायचं काही कारणच नव्हतं.

पुढे इस्त्री आली, पंखा आला, पाव भाजायचं यंत्र आलं. त्यांना वीज द्यायची कुठून? घरात जागा एकच होती, दिव्याचा होल्डर. बल्ब काढायचा आणि त्या जागी इस्त्रीची तार फिरवून बसवायची. संध्याकाळी इस्त्री करायची तर खोलीत अंधार. दिव्यापुरत्या बारीक तारेतून इस्त्रीचा भार खेचला की ती तार तापायची. आपल्याकडेही बाजूला दोन भोकं असलेला होल्डर दुकानात मिळतो. त्यात बल्बही लागतो आणि बाजूने टू पिनही. फेरीवाल्याच्या गाडीवर किंवा मांडवात तो दिसला, तर विजेचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं रूप अजून कामावर आहे असं समजावं.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी हार्वे हबेल नावाचा कारखानदार होता. साखळी ओढून दिवा लावायचा होल्डर त्याच्याच कारखान्याचा. १९०४ मध्ये त्याने वेगळ्या होणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं. त्याचा एक भाग दिव्याच्या होल्डरमध्ये कायमचा फिरवून बसवायचा आणि दुसरा, पिनांचा भाग, हवा तेव्हा ओढून काढायचा. पुढच्या काही वर्षांत त्या पिनांना दोन समांतर पट्ट्यांचं रूप आलं. आज अमेरिकेत आणि जपानमध्ये चार्जरला दिसणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या त्याच घराण्यातल्या. अर्थिंगची तिसरी पिन तिथे पुष्कळ नंतर आली, आणि अजूनही असंख्य उपकरणं तिच्याविना चालतात. जो देश आधी धावला, त्याच्या गळ्यात पहिलं आणि अपुरं उत्तर कायमचं पडलं.

विजेच्या दाबाचंही तसंच झालं. कार्बनच्या तंतूच्या दिव्याला शंभराच्या आसपास व्होल्ट मानवत, म्हणून एडिसनने ११० व्होल्ट धरले आणि अमेरिका त्याच अंगाने वाढत गेली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये वेगळा निर्णय घेतला. दाब दुप्पट करून २२० व्होल्ट केला, तर तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात पोहोचते. प्रवाह निम्मा झाला की तारेत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते, आणि तांबंही कमी लागतं. ग्राहकांचे दिवे आणि उपकरणं बदलून देण्याचा खर्च कंपनीने या तांब्याच्या बचतीतून भागवला. युरोप बर्लिनच्या वाटेने गेला. अमेरिकेत तोवर ग्राहक इतके झाले होते की त्यांची घरं पुन्हा उचकटणं कुणालाच परवडलं नसतं.

प्रवाहाने सेकंदाला किती आवर्तनं पुरी करावीत, यातही दोन घराणी पडली. अमेरिकेत वेस्टिंगहाउसने साठ धरले, बर्लिनच्या एईजीने पन्नास. या फाट्याची सगळ्यात मोठी किंमत जपानने मोजली. १८९० च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीने जनित्रं मागवली एईजीकडून आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून. म्हणून आजही पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि पश्चिम जपानात ६० हर्ट्झ वीज आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने पूर्वेकडची वीजकेंद्रं बंद पाडली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती पुरेशी पलीकडे नेता येईना. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या परिवर्तक केंद्रांची एकूण क्षमता जेमतेम हजारभर मेगावॉट होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन खरेदीपत्रांनी टोकियोत अंधार वाढवला, हे वाचताना आजही मन अस्वस्थ होतं.

प्लगच्या बाबतीत प्रत्येक देश आपापल्या घरी शहाणा होत गेला. जर्मनीत लाउफ गावच्या कारखान्यात आल्बर्ट ब्युटनरने १९२० च्या दशकात 'शुको' घडवला. त्याच्या कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतात. पिना विजेला टेकण्याआधी त्या जमिनीला जोडल्या जातात. सॉकेटही खोल वाटीसारखं आहे, त्यामुळे पिना आत सरकत असताना बोट मध्ये येत नाही. इटलीत उजेडाची वीज आणि यंत्रांची वीज वेगळ्या दराने मोजत. स्वस्त दराच्या विजेवर कुणी दिवे लावू नयेत किंवा उलट करू नये, म्हणून दोन मापांचे प्लग झाले, दहा अँपिअरचे आणि सोळाचे. दरातला फरक कधीच गेला, पण इटालियन भिंतीत दोन्ही मापं अजून नांदतात.

ब्रिटनमध्ये तर गोंधळच होता. १९३४ च्या 'बीएस ५४६' या मानकात दोन, पाच, पंधरा आणि तीस अँपिअरचे गोल पिनांचे प्लग होते. प्रत्येकाची जाडी वेगळी, अंतर वेगळं. भरीला काही कंपन्यांनी स्वतःच्याच आकाराचे प्लग काढले होते. घर बदललं की सगळ्या उपकरणांचे प्लग कापून नवे बसवायचे, हे ठरलेलं.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी घरं पडत होती आणि ती पुन्हा उभी करताना वीज कशी फिरवायची याचा विचार त्याच वेळी सुरू झाला होता. त्यासाठी वीस जणांची समिती बसली. त्यात बाई एकच, कॅरोलाइन हॅस्लेट. १८९५ चा जन्म, स्त्री-अभियंत्यांच्या संघटनेच्या पहिल्या सचिव, आणि १९२४ पासून स्त्रियांच्या विद्युत संघटनेच्या सूत्रधार. विजेने बाईचे कष्ट वाचतील यावर त्यांची श्रद्धा होती आणि त्या हयातभर हेच सांगत फिरल्या. घरात वीज वापरते कोण आणि त्या घरात रांगणारं मूल कुठे कुठे हात घालतं, याचं भान समितीत त्यांच्यामुळे आलं. भोकांवर पडदे हवेतच, ही अट त्या विचारातून आली.

समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि 'बीएस १३६३' हे मानक १९४७ मध्ये. तांब्याची टंचाई होती, म्हणून प्रत्येक सॉकेटला वेगळी तार न नेता घरभर एकच तार कड्यासारखी फिरवायची ठरली. या कड्याचा मुख्य फ्यूज तीस अँपिअरचा. पण टेबलावरच्या दिव्याची बारीक तार तीस अँपिअरला केव्हाच जळेल, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात त्या उपकरणापुरता फ्यूज घातला. आणि अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब केली. ती आधी आत शिरते, पडदे उघडते आणि मगच इतर पिनांना वाट मिळते. आकाराने बोजड, अनवाणी पाय पडला तर डोळ्यांत पाणी आणणारा, पण इतका काळजीने घडवलेला प्लग दुसरा नाही. हॅस्लेट १९५७ मध्ये वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहनही विजेनेच झालं.

ब्रिटनने नवा प्लग घेतला त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. आपल्या भिंतींत तोवर गोल पिना रुजल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पाच अँपिअरची बारीक पिन आणि पंधराची जाड. कागदोपत्री आता त्या सहा आणि सोळा झाल्या, पण वायरमनच्या तोंडी अजून 'पाचचा' आणि 'पंधराचा'च आहे. फ्रिज-गिझरचा तो पॉवर पॉइंट, बाकीचं लाइटचं. दक्षिण आफ्रिकेतही पंधराची जाड पिन टिकली. खुद्द लंडनमध्ये ती गेली असं वाटेल, पण तिथल्या नाट्यगृहांत रंगमंचावरच्या दिव्यांना आजही पंधरा अँपिअरचे गोल पिनांचे प्लग लावतात. उजेड कमी-जास्त करणारी यंत्रणा दूर नियंत्रण कक्षात असते, आणि छताला टांगलेल्या दिव्याच्या प्लगमध्ये फ्यूज उडाला तर खेळ चालू असताना शिडी कोण लावणार?

आपल्या गोल पिनांचं युरोपशी दुरून नातं लागतं, आणि ते फसवं आहे. भारतीय पाच अँपिअरच्या पिनांमधलं अंतर १९ मिलिमीटर, युरोपीय प्लगचंही तेवढंच. पण आपली पिन सुमारे पाच मिलिमीटर जाड, तर १९६३ च्या मानकातल्या सपाट युरोप्लगची पिन फक्त चार. म्हणून पॅरिसहून आणलेला चार्जर पुण्यातल्या सॉकेटमध्ये जातो आणि हलतो. जर्मन शुकोही आपल्या सॉकेटमध्ये बसतो, पण त्याच्या कडेच्या अर्थिंग पट्ट्यांना टेकायला इथे काहीच नसतं. धातूच्या अंगाची इस्त्री किंवा किटली अशी लावली तर ती चालते आणि माणूस निर्धास्त होतो. मात्र आत एखादी तार निसटून धातूला टेकली, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट उरलेली नसते. मग ती हातातून जाते.

जगभर एकच प्लग असावा हे लोकांना सुचलं नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाची स्थापना लंडनमध्ये १९०६ साली झाली. पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन आणि मानद सचिव कर्नल क्रॉम्प्टन. तरुणपणी सैन्यात असताना भारतातल्या रस्त्यांवर वाफेच्या गाड्या चालवून पाहणारा, आणि पुढे ज्याच्या कंपनीचं नाव मुंबईतल्या पंख्यांवर आलं, तोच हा क्रॉम्प्टन. प्लगची चर्चा १९३० च्या दशकात सुरू झाली, युद्धाने थांबली आणि १९५७ मध्ये आयोगाने जो अहवाल काढला त्यात कुठे कोणता प्लग आहे याची नोंद झाली, इतकंच. अखेर १९८६ मध्ये आयोगाने एक सुबक तीन पिनांचा जागतिक प्लग जाहीर केला. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका सोडले तर तो फारसा कुणी घेतला नाही. आणि ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट, काहींत २२०. तिथे भोकांचा आकार एक झाला, पण त्यामागची वीज दोन प्रकारचीच राहिली. युरोपने स्वतःपुरता एक प्लग करायचा प्रयत्न १९९० च्या दशकात सोडून दिला. पुढे २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने अंदाज मांडला: बदलाला पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ, शंभर अब्ज युरो खर्च आणि सात लाख टन कचरा.

म्हणजे भिंत हलणार नव्हती. मग प्रवाशाने काय केलं?

सुरुवातीला त्याच्याकडे नेण्यासारखं फार नव्हतं. विजेचा पहिला खरा प्रवासी म्हणजे दाढीचं यंत्र. जेकब शिकचं यंत्र अमेरिकेत १९३१ मध्ये विक्रीला आलं, फिलिप्सचं १९३९ मध्ये. ते लागतं न्हाणीघरात, म्हणजे ओल्या हातांच्या आणि ओल्या फरशीच्या जागी. ब्रिटिश न्हाणीघरात साधं सॉकेट बसवायला मनाई होती, म्हणून 'फक्त दाढीच्या यंत्रासाठी' असं लिहिलेलं खास सॉकेट आलं. त्याच्यामागे एक छोटा विलग ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे एका तारेला हात लागला तरी शरीरातून जमिनीपर्यंत वाट पुरी होत नाही. त्यात ११५ आणि २३० दोन्ही दाब मिळतात आणि निरनिराळ्या देशांच्या पिनाही बसतात. पाहुण्याला कुठल्या देशाचं यंत्र आणलंस असं न विचारणारं भिंतीतलं हे पहिलं सॉकेट. फक्त ताकद इतकी थोडी, की केस वाळवायचं यंत्र त्याला लावू नये.

केसांच्या यंत्राने आणि इस्त्रीनेच सर्वांत जास्त घात केले. ११० व्होल्टची इस्त्री २२० ला लावली की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. मग बाजारात वजनाला हलके 'कन्व्हर्टर' आले. ते विजेच्या लहरीचा तुकडा कापून सरासरी दाब खाली आणत. तापणाऱ्या वस्तूला ते चालतं, कारण तारेला फक्त तापायचं असतं. तेच कन्व्हर्टर टेपरेकॉर्डरला लावलं तर कापलेली लहर आतल्या भागांना मारते. त्यांना खरा, लोखंडी गाभ्याचा, जड ट्रान्सफॉर्मर लागतो. दोन्ही डबे दिसायला भावंडं, आणि डब्यावर काय छापलंय ते न वाचल्याने कित्येक उपकरणं पहिल्याच रात्री गेली. फ्रिक्वेन्सी तर ट्रान्सफॉर्मरलाही बदलता येत नाही. अमेरिकेतलं भिंतीवरचं विजेचं घड्याळ विजेच्या ठोक्यांवर चालतं. ते इकडे आणलं तर दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

मराठी घरांतून उलट दिशेने प्रवास झाला तो मिक्सरचा. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे सीमेन्समधले अभियंता होते. घरातला जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकेना, म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी 'सुमीत' घडवला. पुढे अमेरिकेला निघालेल्या नव्या नवरीच्या सामानात कपड्यांच्या घडीत गुंडाळलेला मिक्सर असे. तिथल्या ११० व्होल्टवर तो नुसता गुरगुरायचा आणि भिजवलेली डाळ तशीच राहायची. मग त्याच्यासाठी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागे. पाच-सहाशे वॉटच्या मिक्सरला हजार वॉटचा, म्हणजे मिक्सरहूनही जड. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला साठ हर्ट्झचं काही वाटत नाही, अडचण फक्त दाबाची. अखेर सुमीतने खास ११० व्होल्टचेही मिक्सर बनवले, आणि तिकडच्या ओट्यावरून तो लोखंडी ठोकळा उतरला.

भिंत हटत नाही म्हटल्यावर उपकरणाने पडतं घेतलं, आणि या कथेतली खरी क्रांती तीच. जुन्या उपकरणात आधी ट्रान्सफॉर्मर, मग बाकीचं. ट्रान्सफॉर्मर ५० किंवा ६० हर्ट्झवर चालायचा तर मोठा आणि जड लागतो. नव्या पद्धतीत भिंतीतली वीज आधी सरळ केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून पुन्हा चिरली जाते. इतक्या वेगाला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. आतला पहारेकरी सतत बाहेरचा दाब मोजतो आणि चालू राहण्याचा क्षण लांबवतो किंवा आखडतो. मग आत शंभर व्होल्ट आले काय आणि दोनशे चाळीस आले काय, बाहेर पाच व्होल्ट ते पाचच. १९७७ च्या ॲपल-२ संगणकात रॉड होल्ट यांनी असा चालू-बंद पद्धतीचा वीजपुरवठा बसवला होता. पण कित्येक वर्षं संगणकांच्या पाठीवर ११५ आणि २३० चा लाल खटका राहिला. अमेरिकेहून आणलेला संगणक इकडे तो खटका न सरकवता लावला, की आतून 'फट्' आवाज येई आणि जळका वास. १९९० च्या दशकात लॅपटॉप आणि मोबाइल पसरले आणि खटका हळूहळू नाहीसा झाला. त्याच्या जागी चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ आली: इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ.

प्रवासाला निघण्याआधी भिंगाखाली धरून वाचावी अशी ही ओळ आहे. ती असेल तर लागतो फक्त पिनांचा आकार बदलणारा अडॅप्टर, आणि तो दाब बदलत नाही. चार्जरवर ती असते, म्हणून केसांच्या यंत्रावर, किटलीवर, छोट्या इस्त्रीवरही असेल असं धरून चालू नये. विमानतळावर मिळणारा 'सगळ्या जगाचा' अडॅप्टर बहुधा अर्थिंग पुढे नेत नाही. तीन पिना घेतो आणि भिंतीला दोनच देतो. दुहेरी आवरणाच्या चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला अर्थिंग लागत नाही. पण धातूच्या अंगाचा लॅपटॉप असा लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून अत्यल्प वीज झिरपते, तिची ती जाणीव. चांगल्या चार्जरमध्ये ती धोक्याच्या फार खाली असते. स्वस्त नकली चार्जरमध्ये २३० व्होल्ट आणि पाच व्होल्ट यांच्यामधलं अंतर काही ठिकाणी मिलिमीटरभरही नसतं, आणि तिथे झिणझिण्यांवर थांबेल याची हमी कुणी देऊ नये.

नामवंतांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ॲपलने युरोप, ऑस्ट्रेलिया, कोरिया, ब्राझील अशा देशांसाठीचे, चार्जरला पुढे लागणारे दोन पिनांचे तुकडे जगभरातून परत मागवले. ते २००३ ते २०१५ या काळात विकलेले होते. तुकडा मोडून उघड्या धातूला हात लागण्याच्या बारा घटना कंपनीला कळल्या होत्या. लाखो तुकड्यांत बारा. तरी परत मागवले, हे बरोबरच झालं.

भिंतीवर जे जमलं नाही ते तारेच्या दुसऱ्या टोकाला जमलं. यूएसबी १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूचे प्रमुख अजय भट्ट मूळचे बडोद्याचे. ते होतं माहिती नेण्यासाठी, वीज सोबत आली. चार्जरचा एक आकार करा असा नियम चीनने २००६ मध्ये आणला. युरोपने २००९ मध्ये कंपन्यांकडून स्वखुशीचा करार घेतला आणि अखेर कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या फोनला टाइप-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६. अशा तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना विचारून दाब ठरवतात. पाच व्होल्ट की नऊ की वीस, हे बोलणं झाल्याशिवाय जास्तीची वीज सुटत नाही. भिंतीतल्या भोकांना अशी विचारपूस कधी जमली नव्हती.

याच काळात प्रवासी भिंतच खिशात घालून निघाला. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, विमान कंपनी विचारते वॉट-तास. २०,००० ला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की ७४ वॉट-तास येतात. शंभरपर्यंत विनापरवाना चालतं, शंभर ते एकशे साठपर्यंत कंपनीची परवानगी लागते, आणि ती जवळच्या बॅगेतच ठेवायची. चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. बॅटऱ्यांची ही धास्ती उगाच नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत यूपीएसचं मालवाहू विमान आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक बंद झाली. केबिनमध्ये धूर निघाला तर कुणाला तरी दिसतो, पोटातल्या सामानात दिसत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, आग डोक्यावरच्या कप्प्यात लागली होती. सगळ्यांचे जीव वाचले. १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक त्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. ती अंगाजवळ किंवा समोरच्या खिशात, नजरेसमोर हवी. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून एमिरेट्सने विमानात ती वापरायलाही बंदी घातली.

मुंबई-पुण्यात नव्या घराच्या ताब्यासाठी गेलेलं कुटुंब हल्ली स्विचबोर्ड निरखून पाहतं. पलंगाशेजारच्या पट्टीवर टाइप-सीची लांबट फट असते. तिच्या शेजारी एकाच तोंडात पाचची आणि पंधराची दोन्ही मापं घेणारं गोल भोकांचं सॉकेट असतं. भोकांमागे पडदे असतात आणि वरचं जाड भोक अर्थिंगचं. १९३४ चं ब्रिटिश मानक आणि २०१४ ची टाइप-सी एकाच पट्टीवर, एकाच स्क्रूने कसलेली. बिल्डरचा वायरमन टेस्टर लावून दाखवतो, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मग तो वरच्या भोकातली तार अर्थिंगला खरोखर जोडली आहे का, ते तपासायला पेटीकडे जातो.